गेटवर अडवलेले आवाज

आमचं घर शांत आहे, असं मी गेली काही वर्षं भेटेल त्याला सांगत होतो. मुलगी घरीच शिकते, मी घरीच लिहितो, आणि तरी घरात आरडाओरडा म्हणून नाही. ऐकणारा मग स्वतःच्या घरातल्या टीव्हीबद्दल, मुलांच्या भांडणांबद्दल तक्रार करायला लागायचा आणि मला बरं वाटायचं. ते बरं वाटणं आता आठवलं की मी खुर्चीतून उठतो आणि काही काम नसताना अंगणात एक चक्कर मारून येतो.

मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायचो. बायको शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटी विभागात आहे. सकाळी डबे भरून निघते ती संध्याकाळी कपड्यांना भट्टीचा वास घेऊन परत येते. मुलगी दुसरीत असताना टाळेबंदी लागली आणि तिची शाळा मोबाइलवर आली. बाईंचा चेहरा पडद्यावर मधेच थिजायचा, तोंड उघडं राहायचं. आम्ही दोघं हसायचो, मी मोबाइल बंद करायचो आणि तोच धडा स्वतः शिकवायचो. भाकरी मोडून अपूर्णांक केले. गच्चीवर काठी रोवून सावल्या मापल्या. तिला मजा येत होती, मलाही येत होती. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा मी बायकोला म्हणालो, "पाठवायलाच पाहिजे का?"

ती पोळ्या लाटत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "तुम्हाला जमेल का रोज?"

"न जमायला काय झालं?" मी म्हणालो.

मी तेव्हा जी कारणं दिली त्यातलं एकही खोटं नव्हतं. घोकंपट्टी, दप्तराचं ओझं, एका वर्गात कोंबलेली मुलं, हे सगळं मला मनापासून खुपत होतं. फक्त एक कारण मी बोललो नाही. मला पुस्तक लिहायचं होतं. मुलीसाठी म्हणून कॉलेजचे तास सोडले तर दुपार माझी होणार होती, आणि त्याबद्दल कुणी मला नावं ठेवणार नव्हतं.

पुस्तक आमच्या जिल्ह्यातल्या नद्यांवरच्या बंधाऱ्यांचं आहे. हे बंधारे म्हणजे नदीत ओळीनं उभे केलेले दगडी खांब. पावसाळा सरला की खांबांमधल्या खाचांत बरगे, म्हणजे फळ्या, घालायच्या आणि पाणी धरायचं; पुढच्या पावसाळ्याआधी ते बरगे काढून नदी मोकळी करायची. हे काम पिढ्यान्‌पिढ्या कुणी केलं, कसं केलं, त्यावरून कुठल्या गावांची भांडणं झाली, हे मला नोंदवून ठेवायचं होतं. आजही हे सांगायला लागलो की माझं मला भान राहत नाही. बायको म्हणते, तुमच्या डोळ्यांत तेव्हा जे येतं ते आमच्याशी बोलताना येत नाही. ती हे हसत म्हणते.

सकाळ मुलीची आणि दुपार पुस्तकाची, असं ठरलं होतं. पण डोकं वेळापत्रक मानत नाही. तिला त्रिकोणाचं क्षेत्रफळ सांगता सांगता मला एखाद्या बंधाऱ्यावरच्या म्हाताऱ्यानं सांगितलेलं आठवायचं, वाक्य मनात जुळायचं, आणि ते निसटेल या धास्तीनं मी म्हणायचो, "हे एवढं करत बस, आलोच." तो 'आलोच' पुष्कळदा जेवणापर्यंत लांबायचा. आणि आत लिहायला बसलो की वाटायचं, तिला एकटं टाकून आलो. कान तिकडं लागायचे. पान उलटल्याचा आवाज आला की जीव भांड्यात पडायचा, नाही आला की उठून दारातून बघायचो. ती मान खाली घालून बसलेली असायची. मी परत खुर्चीत. तिच्याजवळ असताना मी पुस्तकात, पुस्तकाजवळ असताना तिच्यात. अशी वर्षं गेली. एकही गोष्ट धड हातून झाली असं मला म्हणता येत नाही.

मग मी एक युक्ती काढली. लिहायला बसताना, मग सकाळ असो की दुपार, खोलीच्या कडीला पंचा अडकवायचा. पंचा दिसला की हाक मारायची नाही. मुलीला हा खेळ आवडला, असं मला वाटलं. तिनं एकदाही नियम मोडला नाही. मी बायकोला सांगितलं, "बघ, स्वयंशिस्त म्हणतात ती ही."

बायकोचा भाऊ कोडोलीला शेती करतो. मक्याची कणसं, गुळाची ढेप असं काहीबाही घेऊन यायचा आणि उंबऱ्यातूनच सुरू व्हायचा, "काय दाजी, चालू हाय का तुमची शाळा? घंटा कोन देतंय?"

"घंटा नसते आमच्याकडं," मी म्हणायचो.

"मंग सुट्टी कवा हुती?"

"शिकणं कायमच चालू असतं. सुट्टी वेगळी लागत नाही."

"आयला," तो बहिणीकडं बघून म्हणायचा, "म्हंजे जल्मठेपच की गं ही."

आम्ही सगळे हसायचो. मुलगीही हसायची, ओठ मिटून. तिला आवाज न करता हसता येतं, हे मी तेव्हाही पाहत होतो. त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात कोडोलीची जत्रा होती. बायकोनं रजा काढली आणि मुलीला घेऊन माहेरी गेली. मी गेलो नाही. एक प्रकरण संपवायचं होतं. दोघी गेल्या, मी दार लावलं आणि मनात म्हटलं, आता काय, रान मोकळं. पंचाही अडकवला नाही. अडकवायचा कुणासाठी?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिहायला बसलो आणि खिडकीखालीच कुणीतरी "दूऽऽध!" म्हणून असं ओरडलं की हातातला पेन पडला. पातेलं घेऊन बाहेर गेलो. आमचा नेहमीचाच गवळी होता. मी म्हणालो, "अहो, आज एवढ्या मोठ्यानं का ओरडताय?"

"आज?" तो म्हणाला. "मी रोजच वरडतो की सर. साऱ्या गल्लीत वरडतो. तुमच्याच दारात तेवढं वरडत न्हाय. पोरगी तुमची गेटावर हुबी असती न्हवं पातेलं घिऊन. 'काका, हाक मारू नका, बाबा लिहितात' म्हनून सांगिटलंय तिनं मला. आज दिसली न्हाय म्हनून वरडलो." दूध ओतता ओतता त्यानं विचारलं, "काय लिवतासा म्हनं?"

"बंधाऱ्यांवर पुस्तक."

"बंधाऱ्यावर? आन्‌ त्याला एवढं गप बसाय लागतंय? तितं तर पान्यानं कान बसत्यात माणसाचं."

तो गेला. मी आत येऊन बसलो. थोड्या वेळानं कचऱ्याची गाडी आली आणि आमच्या गेटसमोर भोंगा वाजवत उभी राहिली. ही गाडी रोज येत होती, हे मला ठाऊक होतं. ती आमच्या दारात कधी थांबलेली मात्र मी ऐकली नव्हती. मी बादली घेऊन धावलो. गाडीवरचा माणूस म्हणाला, "ती बारकी येती की रोज कोपऱ्यापतूर. आज काय झालं?"

दुपारी भात लावला. कुकरची शिट्टी झाली आणि मी अक्षरशः दचकलो. दुपारचा भात मुलगीच लावायची. तो पुष्कळदा कचवट लागायचा. त्यावरून मी तिला एकदा वाफेचा दाब, पाण्याचा उत्कलनबिंदू असं सगळं नीट समजावून दिलं होतं, चित्र काढून. "शिट्टी पूर्ण होऊ द्यायची, तोवर गॅस बंद करायचा नाही," असं शेवटी सांगितलं होतं. तिनं सगळं ऐकून मान हलवली होती. तिला ते आधीपासून कळत होतं. शिट्टी व्हायच्या आधी ती गॅस बंद करत होती, कारण कडीला पंचा होता.

मी तो भात तसाच ठेवून अंगणात आलो. भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंनी विचारलं, "पोरगी कवा येनार हाय हो?"

"येईल दोन दिवसांत. का?"

"न्हाय, मिक्सर लावायचा हुता. ती सांगती मला, आता लावा म्हनून. तुमी जेवाय उठला की."

"कधीपासून सांगती?"

"लई दिस झालं की," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून जरा बिचकल्या. "गुणाची हाय हो पोर. तिला काय बोलू नगासा."

त्या दुपारी मी एक ओळ लिहिली नाही. या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिलो. संध्याकाळी गल्लीतली तिच्याच वयाची एक मुलगी सायकल घेऊन गेटपाशी आली आणि "ती आली का?" म्हणून तिथूनच ओरडली. मी बाहेर गेलो आणि विचारलं, "तू पूर्वी घरी यायचीस की खेळायला. आता का येत नाहीस?"

"तुमच्या घरात हळू बोलाय लागतंय," ती म्हणाली. "मला न्हाय येत." आणि सायकल वळवून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी स्कूटर काढून कोडोलीला गेलो. आणायला जायचं ठरलं नव्हतं, पण घरात बसवेना. मेहुण्याच्या घराकडं वळणाऱ्या रस्त्यावरच मला एका मुलीचं ओरडणं ऐकू आलं. "आईच्यान सांगतो, बॉल लागलाच न्हाय मला! ए, खोटं बोलू नगंस! रच, रच, रच!" पोरं लगोरी खेळत होती. खणखणीत, थोडा घोगरा आवाज, साऱ्यांच्या वर. मला गंमत वाटली. कुणाची असेल ही, असं मनात आलं. वळण घेतलं आणि बघतो तर केस सुटलेले, गुडघे मातीनं माखलेले, हात वर करून ओरडणारी माझीच मुलगी.

माझ्याच मुलीचा आवाज मला ओळखता आला नव्हता. हे वाक्य मी इथं लिहिलंय, पण अजून कुणापुढं म्हटलेलं नाही.

तिनं मला पाहिलं. हात खाली आला. केस मागं सारत ती स्कूटरजवळ आली आणि आमच्या घरातल्या आवाजात, म्हणजे अगदी हळू, म्हणाली, "बाबा, तुम्ही? लिहून झालं?"

दुपारी जेवताना मेहुणा म्हणाला, "दाजी, पोरगी तुमची लई कडाक्याची निघाली. आमी आपलं समजत हुतो, मुकीच हाय का काय." सगळे हसले. मग त्यानं तिलाच विचारलं, "काय गं, घालूया का शाळंत तुला? व्हय का न्हाय, सांग एकदा."

तिनं माझ्याकडं पाहिलं. बंद दाराकडं बघावं, तसं.

"बाबा म्हणतील तसं," ती म्हणाली.

घरी शिकणारी मुलं स्वतंत्र विचाराची होतात, हे मी याच घरात, याच पंगतीत बसून अनेकदा ऐकवलं होतं. त्या दिवशी कुणी मला त्याची आठवण करून दिली नाही. मेहुण्यानं नुसतं माझ्या ताटात आमटी वाढली.

आम्ही घरी परतलो त्यानंतरच्या रविवारी बायको गच्चीवर वर्षाच्या चटणीसाठी मिरच्या वाळत घालत होती. मी वर गेलो. मिरच्यांच्या खाटानं दोघांनाही शिंका येत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी म्हणालो, "मी ठरवलंय. पुस्तक सोडतो. पूर्ण वेळ तिला देतो."

मला वाटलं होतं ती काहीतरी मऊ बोलेल. तिनं मिरच्यांची देठं मोडत विचारलं, "तिनं मागितलाय का तुमचा पूर्ण वेळ?"

"अगं, पण माझ्यामुळं..."

"आत्ता पुस्तक सोडलंत तर ते तिच्यापायी सोडलं, असं होणार. तुम्ही तोंडानं बोलणार नाही. पण कपाटातल्या त्या गठ्ठ्याकडं असं काही बघाल, की पोरीला जन्मभर चुकल्यासारखं वाटेल. आधीच ती तुमचं पुस्तक सांभाळतीय, आता तुमचं दुःख पण सांभाळू दे." तिनं पदरानं नाक पुसलं. "थंडीतच तिनं मला सांगितलं होतं. शाळेत जायचंय म्हणाली. बाबांना सांगू नको, आधी त्यांचं पुस्तक होऊ दे, म्हणाली."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

तिनं हातातली मिरची खाली ठेवली. "मलाही सोयीचंच होतं ना," ती म्हणाली. "घरात कुणीतरी आहे एवढ्या भरवशावर मी रोज शिरोली गाठत होते. तुम्ही एकट्यानं सगळा दोष घेऊ नका. तेही तुम्हाला आवडतं जरा."

हे शेवटचं वाक्य मला फार लागलं. ती खरं बोलत होती म्हणून असेल.

खाली येऊन मी मुलीला समोर बसवलं. आपण मोकळेपणानं बोलू, म्हणालो. आणि मग मी काय केलं असेल? शाळेत काय मिळतं, काय हरवतं, समूहात शिकणं म्हणजे काय, आपण दोन्ही बाजू तपासू, असं सांगत सुटलो. ती ऐकत होती. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, हा तास आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "तास नाही."

"मग मला जायचंय."

"का?"

तिनं खांदे उडवले आणि माझ्याकडं पाहिलं. ती माझा चेहरा वाचत होती. कुठलं उत्तर मला चालेल, ते शोधत होती. मी पुढं काही विचारलं नाही, पण तो 'का' माझ्या डोक्यात घोंघावत राहिला.

एवढं होऊनही मी दिवस ढकलत राहिलो. कागदपत्रं बघतो, म्हणालो. दुसरी एखादी शाळा बघू, म्हणालो. शाळा सुरू झाल्या, गल्लीतली मुलं गणवेशात दिसायला लागली, आणि मी अजून चौकशीच करत होतो. शेवटी एका सकाळी बायकोनं चप्पल घालता घालता सांगितलं, "आज जाऊन या. मी संध्याकाळी आल्यावर विचारणार नाही. कारण तुम्ही जाऊन आलेले असणार."

शाळा आमच्या घरापासून चालत जाण्याजोगी आहे. मुख्याध्यापिका मध्यम वयाच्या, चष्मा डोक्यावर चढवलेल्या. कागद पाहून म्हणाल्या, "वयाप्रमाणं सातवीत बसेल. आधीची शाळा?"

"घरी," मी म्हणालो, आणि लगेच समजावून सांगायला लागलो की आमची पद्धत अशी होती, तिचं वाचन असं आहे, नदीवर आम्ही...

"तिला बोलू दे की," त्या म्हणाल्या. मग तिच्याकडं वळल्या. "काय गं, घरी एवढं सगळं चांगलं होतं म्हणतात बाबा. मग शाळेत कशाला यायचंय तुला?"

मुलीनं तोंड उघडलं आणि बोलण्याआधी माझ्याकडं पाहिलं. पुन्हा तेच बघणं. माझ्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं कोण जाणे. ते कोरं ठेवणं मला जमणार नाही, एवढं मात्र कळलं.

"मी बाहेर थांबतो," मी म्हणालो. उठलो, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

व्हरांड्यात मी लांब जाऊन उभा राहायला हवं होतं. राहिलो नाही. दाराजवळच घुटमळत होतो. आतून तिचा आवाज येत होता, थोडा चढत चालला होता, शब्द मात्र लागत नव्हते. मी आणखी जवळ सरकलो. तेवढ्यात मधली सुट्टी झाली आणि सगळे वर्ग एकदम बाहेर सांडले. त्या कल्लोळात तिचा आवाज बुडाला. मी तरीही दाराशी झुकलेलोच होतो.

"ओ पावणं," पलीकडून शिपाई ओरडला, "दाराला कान लावून काय ऐकतासा? बसा की बाकड्यावर!"

दोन-चार मुलं माझ्याकडं बघून खिदळली. मी बाकड्यावर जाऊन बसलो.

ती बाहेर आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. मागून मुख्याध्यापिका आल्या आणि म्हणाल्या, "उद्यापासून येऊ दे तिला." त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं, असं मला वाटलं. नसेलही पाहिलं.

त्याला आता काही महिने झाले. ती शाळेत जाते, तक्रारी करते, एका बाईंवर रागावलेली असते, गणिताला कंटाळते. मी लिहितो, कधी नुसता बसून राहतो. आत तिनं काय सांगितलं, हे मला माहीत नाही. विचारावं असं रोज एकदा तरी वाटतं. ती वेणी घालत असते, दप्तर भरत असते, प्रश्न माझ्या ओठांवर येतो आणि मी पाणी प्यायला उठतो. विचारलं तर ती सांगेल. पण मला बरं वाटेल, असंच काहीतरी सांगेल.